झाकलं जाण्याआधी नोंद: छोट्या बांधकाम साइटवर डिजिटल कामाची सुरुवात कशी करावी

बांधकामात आज केलेलं काम उद्या झाकलं जातं. फुटिंगवर (पायावर) माती पडते, सळईवर काँक्रीट, पाइपवर प्लास्टर, वॉटरप्रूफिंगवर टाइल. दोन वर्षांनी खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते तेव्हा वर काय केलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला असतो, सुपरवायझरने नोकरी बदललेली असते आणि मुकादमाची डायरी सापडत नाही.

साइटवर मोबाइल, संगणक, सॉफ्टवेअर आणायचं ते मुख्यतः यासाठी. जे झाकलं जाणार आहे त्याची नोंद झाकण्याआधी व्हावी आणि ती हवी तेव्हा सापडावी. मी नाशिकमध्ये अठरा वर्षं साइटवर काढली, त्यातली शेवटची नऊ स्वतःची ठेकेदारी करत. हा लेख एक ते चार साइट सांभाळणाऱ्या ठेकेदारांसाठी आणि नुकत्याच साइटवर रुजू झालेल्या इंजिनिअर मुलामुलींसाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळा विभाग असतो. आपल्याकडे एक सुपरवायझर असतो, आणि स्लॅबच्या दिवशी त्याला चहा प्यायलाही फुरसत नसते. त्याला झेपेल तेवढंच टिकतं, हे धरूनच पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी एक आठवडा फक्त पाहा

पहिल्या आठवड्यात काहीही विकत घेऊ नका. खिशात छोटी वही ठेवा आणि माहिती कुठे अडली, कुठे हरवली तेवढं टिपा. सळई बांधणारा फिटर बीमचं माप विचारायला तीनदा खाली आला. खडीची गाडी आली तेव्हा चलनावर वॉचमनने सही केली, गाडी मोजली कुणीच नाही. प्लंबरने स्लीव्ह (पाइप जाण्यासाठीची नळी) टाकायच्या आतच सेंटरिंगवाल्याने (काँक्रीटचा साचा बांधणाऱ्याने) तळ बंद केला. आठ दिवसांत पंधरा-वीस नोंदी होतील आणि त्यांतल्या बऱ्याच ड्रॉइंगपाशी येऊन थांबतील. निदान माझ्या वहीत तरी तसंच झालं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ड्रॉइंग: साइटवर एकच, आणि तेही शेवटचं

माझी सर्वांत महागडी चूक ड्रॉइंगचीच. स्ट्रक्चरल इंजिनिअरने जिन्याजवळचा कॉलम नऊ इंच सरकवला होता. बदललेलं ड्रॉइंग मला व्हॉट्सॲपवर आलं, मी ते ग्रुपवर टाकलं आणि माझं काम झालं असं समजलो. मुकादमाकडे घडी घालून ठेवलेला जुना कागद होता, त्याने त्यावरून आखणी केली. कॉलमचा स्टार्टर (तळाचा पहिला छोटा भाग) भरल्यावर चूक दिसली. फोडाफोड, नवी सळई आणि इंजिनिअरच्या चार खेपा झाल्या. ग्रुपवर पाठवलेली फाइल साइटवर पोचलीच असं नाही, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून करतो ते असं. गूगल ड्राइव्हवर प्रत्येक साइटचं एक फोल्डर. त्यात 'चालू ड्रॉइंग' आणि 'जुनी ड्रॉइंग' असे दोन कप्पे. नवं ड्रॉइंग आलं की जुनं त्याच मिनिटाला दुसऱ्या कप्प्यात जातं. डिलीट करत नाही, कारण कधी कोणत्या ड्रॉइंगवर काम झालं हे पुढे लागतं. फाइलचं नाव ठरलेल्या पद्धतीनं लिहायचं: ड्रॉइंग क्रमांक, मजला, कितवी सुधारणा आणि तारीख. उदाहरणार्थ 'एस03_पहिला मजला स्लॅब_सुधारणा2_2025-06-14'. तारीख वर्षापासून लिहिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'शेवटचं फायनल' असली नावं आजपासून बंद करा.

या 'चालू ड्रॉइंग' फोल्डरच्या लिंकचा क्यूआर कोड काढा. हे फुकट होतं. तो प्लास्टिकमध्ये घालून साइट ऑफिसच्या दारावर आणि प्रत्येक मजल्याच्या जिन्यात चिकटवा. दुकानात पैसे द्यायला सगळेच कोड स्कॅन करतात, त्यामुळे हे कुणाला शिकवावं लागत नाही. तळघरात किंवा गावाबाहेर रेंज नसते, तेव्हा सुपरवायझरच्या फोनवर चालू फोल्डरमधल्या फाइली ऑफलाइन ठेवायला सांगा. लिंक फक्त पाहण्यापुरती द्या. बदल करण्याचा हक्क तुमच्याकडे आणि आणखी एकाकडे असला की पुरे.

कागद बंद करू नका. उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही आणि सिमेंटच्या हातांनी तो चालतही नाही. फिटरला ए-थ्री कागदच लागतो. फक्त प्रत्येक कागदावर सुधारणेचा क्रमांक ठळक असावा, आणि नवा कागद देताना जुना हातातून परत घ्यावा. हा जुना कागद परत घेण्याचा नियम मी क्यूआर कोडपेक्षाही महत्त्वाचा मानतो.

झाकण्याआधीचे फोटो

फोटो सगळेच काढतात, पण ते सापडत नाहीत. सापडले तर कोणत्या खोलीचे हे कळत नाही, आणि कळलं तर माप कळत नाही. पाटीवर खडूने लिहा: साइट, मजला, जागा, तारीख. जागा ग्रिडने (ड्रॉइंगवरच्या उभ्या-आडव्या रेघांच्या नावाने) किंवा खोलीने सांगा, म्हणजे 'बी-4 कॉलम' किंवा 'फ्लॅट 302, मास्टर बेडरूमचं बाथरूम, पूर्व भिंत'. ही पाटी आणि उघडलेली मेजर टेप दोन्ही फोटोत यायला हवीत. आधी लांबून एक फोटो, म्हणजे जागा ओळखू येते. मग जवळून एक, म्हणजे सळयांतलं अंतर टेपवर वाचता येतं. जागा आणि वेळ फोटोवरच छापणारी कॅमेरा ॲप मिळतात, ती वापरा, पण पाटी सोडू नका. उपग्रहावरून इमारत कळते, मजला आणि खोली नाही.

कुठे फोटो हवाच याची माझी यादी: फुटिंगचा खड्डा आणि त्याचा तळ, फुटिंगची जाळी, कॉलमच्या रिंगा आणि लॅप (सळयांचा जोड), बीमच्या टोकाची सळई, स्लॅबची पूर्ण जाळी कव्हर ब्लॉकसह (जाळी उचलून धरणाऱ्या ठोकळ्यांसह), स्लॅबमधले वायरिंगचे पाइप, भिंतीतले पाणी आणि विजेचे पाइप प्लास्टरआधी, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि त्यात पाणी भरून ठेवलेली चाचणी. चाचणीचे फोटो दोन, पाणी भरताना आणि उपसण्याआधी, दोन्हींत पातळीची खूण दिसेल असे.

व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली मूळ तारीख-वेळेची माहितीही जाते. म्हणून मूळ फोटो फोनवरून थेट ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये चढवा. ग्रुपवर टाका, पण तो फक्त कळवण्यासाठी. पुढे वाद कोर्टात गेलाच, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ फाइल हाताशी असेल तर वकिलाचं काम सोपं होतं.

हे फोटो ठेवायचे किती दिवस? रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत स्ट्रक्चरचा दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची आहे. तो तुमच्याकडेच बोट दाखवणार. म्हणून ताब्यानंतरची किमान पाच वर्षं ते जपायला हवेत. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट असते. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतात, आणि त्यातून रक्कम काढायला काम किती झालं याचं इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या साइटवरची तारीखवार नोंद चोख असेल तर ते प्रमाणपत्र लवकर होतं आणि तुमचं आरए बिलही (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) लवकर सुटतं. माझ्या एका बिल्डरकडे बिलाला लागणारा वेळ केवळ फोटोंच्या फोल्डरमुळे निम्म्यावर आला.

स्लॅबचा दिवस आणि कॅलेंडर

इथे लागणारं तंत्रज्ञान तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहे. स्लॅब भरताना रेडीमिक्सच्या (प्लँटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) प्रत्येक गाडीच्या चलनाचा फोटो काढा आणि तीन वेळा लिहा: प्लँटमधून भरली कधी, साइटवर आली कधी, रिकामी झाली कधी. रेडीमिक्सच्या भारतीय मानकाप्रमाणे गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हायला हवी. वाहतुकीत अडकलेल्या गाडीत साइटवर पाणी ओतायचा मोह या नोंदीमुळे आवरतो, कारण नोंद होते आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

क्यूबचं, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांचं, गणित नव्या मुलांना पाठ हवं. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 456) 16 ते 30 घनमीटर काँक्रीटला तीन नमुने, आणि एका नमुन्याचे तीन क्यूब. म्हणजे 25 घनमीटरच्या स्लॅबला 28 दिवसांच्या चाचणीसाठी नऊ क्यूब, आणि 7 दिवसांची चाचणी हवी तर त्याचे वेगळे. क्यूब भरले त्याच संध्याकाळी फोनच्या कॅलेंडरमध्ये 7 व्या आणि 28 व्या दिवसाची आठवण लावा. दोन्ही त्याच वाराला येतात, पण लॅबची सुट्टी पाहून ठेवा. क्यूबवर लिहिलेला क्रमांक आणि फोटोतल्या पाटीवरचा क्रमांक एकच असू द्या.

त्याच वेळी प्रॉप (खालचे टेकू) काढायची तारीखही टाका. साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे प्रॉप 7 दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांनी. बीमला सहा मीटरपर्यंत 14 आणि त्यापुढे 21 दिवस. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) वापरत असाल तर मुदत वाढते, ती स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून घ्या. सेंटरिंगवाल्याला साच्याच्या प्लेटा पुढच्या साइटवर हव्या असतात, त्यामुळे तो घाई करणारच. ही तारीख त्याच्याही फोनमध्ये असली की भांडण होत नाही.

माल

गाडी आली की तीन फोटो: चलन, नंबर प्लेट, भरलेला हौद (गाडीचा मागचा डबा). मग मोजा. आपल्याकडे वाळू-खडी ब्रासमध्ये येते आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. हौद 12 फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि माल सपाट केल्यावर 3 फूट उंच असेल तर 234 घनफूट, म्हणजे 2.34 ब्रास. फोनमधल्या शीटमध्ये तीन रकाने भरले की आकडा आपोआप येतो. वाळू ओली असेल तर फुगलेली असते, तशी नोंद शेऱ्यात करा.

स्टीलसाठी सूत्र एकच. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. 12 एमएमची 12 मीटर सळई साधारण 10.66 किलोची. शंभर सळया उतरल्या तर काट्यावर 1,066 किलोच्या आसपास यायला हवं. मानकात या जाडीला पाच टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. त्याहून फरक आला तर गाडी जायच्या आत फोन करा. शीटमध्ये आलेला माल, लागलेला माल आणि शिल्लक एवढंच ठेवा. मी सुरुवातीला सतरा रकाने केले होते, सुपरवायझरने चौथ्या दिवशी भरणं सोडलं. आता सहा आहेत आणि रोज भरले जातात.

हजेरी आणि खर्ची

इथे सावकाश जा. माझ्या साइटवर गवंडी परभणी-नांदेडकडचे, सेंटरिंगवाले बिहारचे, फिटर बंगालचे. चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्र एका सकाळी दारात लावलं तर त्यांना ते आपल्यावरच्या अविश्वासासारखं वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही. मी ते लावलं, पंधरा दिवसांत काढलं. प्लास्टरच्या धुळीने माखलेले चेहरे ते ओळखतही नव्हतं आणि सकाळी रांगेत अर्धा तास जायचा.

नंतर साधी शीट केली. मुकादम नेहमीप्रमाणे वहीत हजेरी मांडतो आणि संध्याकाळी पानाचा फोटो पाठवतो. सुपरवायझर ती शीटमध्ये घालतो: पूर्ण रोज, अर्धा रोज, जादा वेळ. आठवड्याला खर्ची (पगारातली उचल) दिली की त्याच ओळीत रक्कम. शनिवारी मुकादमासमोर बसून शीट वाचून दाखवायची, त्याच्या वहीशी ताळा करायचा. हिशेब उघड्यावर आल्यापासून आमची पगाराच्या दिवशीची कुरबुर थांबली.

याचा मोठा फायदा कामगारांना व्हावा असं मला मनापासून वाटतं. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदारही देऊ शकतो. बांधकाम खर्चाचा 1 टक्का उपकर याच मंडळासाठी घेतला जातो. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात यांसाठी तिथून मदत मिळते, पण नव्वद दिवस कुठे लिहिलेलेच नसतात म्हणून कितीतरी जण बाहेर राहतात. तुमच्या शीटमध्ये ते लिहिलेले असतील. ज्याचे नव्वद भरले त्याला दाखला स्वतःहून द्या, त्याने मागायची वाट पाहू नका.

आधार कार्डाचे फोटो मात्र ग्रुपवर कधीच टाकायला लावू नका. लागलंच तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार घ्या, आणि तो फोल्डर फक्त तुमच्यापुरता ठेवा.

मोजायची साधनं

लेझर डिस्टन्स मीटर घ्या. खोलीची मापं एकट्याने पाच मिनिटांत होतात. लेझर लेव्हल टाइल आणि खिडक्यांच्या कामात छान चालते, पण उघड्यावर उन्हात तिची रेघ दिसत नाही. तिथे ऑटो लेव्हल (तिपाईवरची, पातळी मोजायची दुर्बीण) किंवा आपली पाण्याची नळी. ओळंबा आणि गुण्या फेकू नका, कारण यंत्र चुकतंय की नाही हे त्यांच्यावरूनच कळतं. ऑटो लेव्हल महिन्यातून एकदा तपासा. साठ मीटरवर दोन खुंट्या मारा, बरोबर मधे यंत्र लावून खुंट्यांच्या पातळीतला फरक घ्या, मग एका खुंटीजवळ लावून पुन्हा घ्या. दोन्ही फरक सारखे आले तर यंत्र ठीक. नाही आले तर दुरुस्तीला द्या, त्या दिवशी प्लिंथ लेव्हल (जोत्याची पातळी) देऊ नका.

पैसे देऊन ॲप कधी घ्यायचं

वर सांगितलेलं सगळं तीन महिने नेमानं चाललं आणि शीट अपुरी पडू लागली, मगच. घेताना विक्रेत्याला विचारा: रेंज नसताना चालतं का, मराठी आणि हिंदीत आहे का, पैसे माणशी आहेत की साइटमागे, आणि सोडायचं ठरवलं तर आमच्या सगळ्या नोंदी आणि फोटो एक्सेलमध्ये आणि फोल्डरमध्ये परत मिळतील का. शेवटच्या प्रश्नाला स्पष्ट 'हो' मिळालं नाही तर घेऊ नका. आणि ते दाखवायला आलेल्या माणसाला ऑफिसात बसवू नका. चौथ्या मजल्यावर न्या आणि फोन सुपरवायझरच्या हातात द्यायला सांगा.

बिम, म्हणजे इमारतीचं संगणकातलं त्रिमितीय प्रारूप, याची चर्चा खूप ऐकाल. नागपूर मेट्रोने ते वेळापत्रक आणि खर्चाशी जोडून वापरलं, आणि तेवढ्या पसाऱ्याला ते शोभतं. तुमच्या सात मजली इमारतीला पूर्ण बिमची गरज नसेल, पण एक भाग जरूर करून घ्या. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल आणि प्लंबिंगची ड्रॉइंग त्रिमितीत एकावर एक ठेवून टक्कर तपासणं. ड्रेनेजचा पाइप बीममधून जातोय हे पडद्यावर कळलं तर एक रेघ हलवावी लागते. साइटवर कळलं तर बीमला भोक पाडा म्हणणारा प्लंबर आणि नाही म्हणणारा इंजिनिअर यांच्यामध्ये तुम्ही उभे असता.

ड्रोन विकत घेऊ नका, लागेल तेव्हा भाड्याने बोलवा. जागा मोठी आणि उंच-सखल असेल तर मातीकामाचा हिशेब त्याने चांगला निघतो. बोलावण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहा. विमानतळाजवळ आणि लष्करी भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि आपल्याकडे नाशिकला देवळालीचा लष्करी भाग आणि ओझरचा विमानतळ दोन्ही जवळ आहेत.

जपणूक आणि ताबा

ड्राइव्हचं खातं कंपनीच्या नावाने उघडा, सुपरवायझरच्या खासगी मेलवर नको. तो नोकरी सोडून गेला की फोल्डरही जातो. फुकटची 15 जीबी जागा एका इमारतीला पुरत नाही, तेव्हा थोडे पैसे भरून वाढवा. शिवाय दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती घरी कपाटात ठेवा.

ताबा देताना प्रत्येक फ्लॅटधारकाला त्याच्या फ्लॅटचे प्लास्टरआधीचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये द्या, भिंतीनुसार नावं घालून. मागच्या दिवाळीत एका काकूंचा फोन आला. चार वर्षांपूर्वी ताबा दिलेला फ्लॅट, आता बाथरूममध्ये गीझरची जागा बदलायची होती आणि ड्रिल करणारा माणूस समोर उभा होता. मी फोटोतली टेप वाचून सांगितलं, "काकू, कोपऱ्यापासून चौदा इंच सोडा, तिथे गरम पाण्याची लाइन आहे. अठरावर भोक पाडायला सांगा." फोन चालू ठेवून त्यांनी पाडून घेतलं.